हिरवे छत, तपकिरी महिने: परवानगीपासून अंतिम तपासणीपर्यंत

आमच्या इमारतीच्या गच्चीचा साधारण तिसरा हिस्सा आता मातीखाली आहे, आणि गेल्या महिन्यात त्याचा अंतिम तपासणी दाखला हातात आला. महापालिकेतला पहिला अर्ज आणि हा दाखला यांच्यामध्ये पावणेदोन वर्षे गेली. मी शोधाशोध सुरू केली तेव्हा छताच्या थरांविषयी भरपूर वाचायला मिळाले. झाडांविषयी जे मिळाले ते बहुतेक थंड देशांतले. आणि परवानगीच्या कागदांत झाडांची यादी द्यावी लागते, फाइल अडते ती नेमकी त्या यादीवर, हे तर कुणीच सांगितले नव्हते. म्हणून हे लिहिते आहे.

पैशांचे आकडे देत नाही, कारण ते शहरागणिक बदलतात. कोणत्या कामाला खर्चाचा किती वाटा गेला ते सांगते, त्यावरून अंदाज बांधता येईल. महिने आमच्या पावसाप्रमाणे आहेत: जूनमध्ये सुरू होतो, ऑक्टोबरात संपतो, बाकीचे वर्ष कोरडे. तुमच्याकडे पाऊस दुसऱ्या वेळी येत असेल तर सगळे वेळापत्रक तेवढे सरकवून वाचा.

सगळ्यात आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. समितीची सभा, नर्सरीतल्या चकरा, रंगीत चित्रे हे सगळे त्यानंतर. आमच्या इंजिनिअरांनी पहिल्याच भेटीत इमारतीचे मूळ नकाशे मागितले, आणि ते कुणाकडेच नाहीत हे तेव्हा कळले. महापालिकेच्या अभिलेख कक्षात अर्ज करून, शुल्क भरून प्रती काढाव्या लागल्या. त्यातच ऑगस्ट संपला. नकाशे आल्यावर त्यांनी यंत्राने सळया कुठे आहेत ते पाहिले, काँक्रीटची ताकद तपासली आणि लेखी आकडा दिला: स्लॅबच्या मधल्या भागात चौरस मीटरला वाढीव 120 किलो, खांबांच्या माथ्यावर आणि मोठ्या तुळयांवर 250 किलोपर्यंत. माणसांच्या वावराचे वजन त्यांनी वेगळे धरले होते. तुमच्या दाखल्यात ते कसे धरले आहे, हे विचारून घ्या.

हा आकडा पाण्याने तुडुंब भिजलेल्या मातीचा असतो. विक्रेते मात्र कोरडे वजन सांगतात. घरी करण्यासारखी चाचणी अशी: तळाला भोके पाडलेली 10 लिटरची बादली मिश्रणाने भरायची, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, बाहेर काढून पाणी ठिबकायचे थांबले की वजन करायचे. एका चौरस मीटरवर 10 सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे 100 लिटर, म्हणून बादलीतल्या मातीच्या वजनाला 10 ने गुणले की चौरस मीटरचे वजन मिळते. बागेतली साधी माती इथेच बाद होते. आम्ही ठरवलेले मिश्रण प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), भाजलेल्या मातीचे हलके गोळे, विटांचा चुरा आणि पाचव्या हिश्श्याहून कमी कंपोस्ट असे होते. ते बादलीला 12 किलो भरले. म्हणजे 8 सेंटिमीटरला 96 किलो. खालचे थर आणि झाडे धरून 120 च्या आत बसले. खांबांच्या माथ्यावर 18 सेंटिमीटरपर्यंत उंचवटे करता येणार होते.

इंजिनिअरांच्या या नकाशावर कुठे पातळ आणि कुठे जाड असे डाग पडले होते. पुढची झाडांची सगळी मांडणी त्या डागांवरून ठरली. सपाट, एकसारखी माती घातली की ठरावीक दोन-चार जातीच टिकतात. जाडी बदलती ठेवली की उथळ जागी एक मंडळी, खोल जागी दुसरी. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात नव्या सपाट छतांवर हिरवळ बंधनकारक आहे. तिथे कोळी आणि भुंगेऱ्यांच्या पाहणीनंतर मातीची जाडी जागोजागी वेगळी ठेवण्यावर भर देतात. आमच्याकडे ते वजनाच्या नाइलाजाने आपोआप झाले.

सप्टेंबरात समितीची सभा झाली. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मावशींनी सुरुवातच केली, "बाई गं, माझ्या छताला आधीच ओल आहे. तू वर बाग करणार, आणि खाली मी बादल्या लावणार." त्यांचे म्हणणे खरेच होते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग जुने झाले होते आणि ते करावेच लागणार होते. म्हणून आम्ही खर्चाचे दोन भाग केले: वॉटरप्रूफिंग दुरुस्ती निधीतून, आणि त्याच्या वरचे सगळे थर ज्यांना हवे आहे त्यांच्या वर्गणीतून. हा हिशेब वेगळा झाल्यावर अर्धा विरोध मावळला.

उरलेला विरोध डासांचा होता, आणि तो टाळण्यासारखा नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला उष्ण हवेत अंड्यापासून उडायला साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून उघडे पाणी कुठेही दोन-तीन दिवसांहून जास्त साचू द्यायचे नाही, एवढा नियम पाळला तरी पुरेसे होते. निचऱ्याच्या थरातल्या वाट्यांमध्ये पाणी राहते, पण ते कापडाखाली आणि मातीखाली. कडा नीट दुमडल्या असतील तर डास तिथवर पोचत नाही. धोका असतो तो तुंबलेल्या जाळीपाशी, विसरलेल्या बादलीत आणि कुंडीखालच्या थाळीत. सचिवांनी ठरावात तीन गोष्टी लिहून घेतल्या, त्या तुम्हीही घ्या: निचऱ्याची तपासणी कोण करणार, गळती झाली तर माती हलवण्याचा खर्च कुणाचा, आणि काम सोडायचे झाले तर छत पूर्ववत कोण करणार. कटू वाटते, पण हा ठराव नंतर प्रत्येक टेबलावर उपयोगी पडला.

ऑक्टोबरात महापालिकेत अर्ज दिला. सोबत इंजिनिअरांचा दाखला, समितीचा ठराव, थरांचा छेद दाखवणारा नकाशा, पावसाचे पाणी कुठून कुठे जाणार याचा नकाशा आणि झाडांची यादी. पोचपावतीवर आवक क्रमांक घातल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्यानंतर शांतता. फोन केला की "साहेब फिरतीवर", गेले की "फाइल पुढच्या टेबलावर". डिसेंबरात त्रुटीपत्र आले. वजनावर, निचऱ्यावर एकही प्रश्न नव्हता. त्रुटी सगळ्या झाडांवर. यादीचा छापील नमुना वेगळा होता. जातीचे नाव, रोपांची संख्या, व्यापलेले क्षेत्र, आणि एका ओळीत "वर्षभर हिरवे आच्छादन, किमान 80 टक्के". नमुन्यात उदाहरण म्हणून सेडमच्या, म्हणजे जाड रसाळ पानांच्या बुटक्या झाडांच्या, जाती छापल्या होत्या.

टेबलावरचे कनिष्ठ अभियंता भले होते. म्हणाले, "मॅडम, 'हंगामी गवते व कंद' असं चालत नाही. नाव लिहा, संख्या लिहा. आणि तुमच्याच यादीत लिहिलंय की ही उन्हाळ्यात वाळतात. मग ते हिरवं छत कसं?"

त्या दिवशी घरी येऊन मी वैतागून सगळे सोडून द्यायच्या बेतात होते. वर्षभर हिरवे राहणारे छत करणे अवघड नाही. लॉन अंथरा, रोज पाणी द्या, झाले. पण कोरड्या महिन्यांत रोज पाणी देणे आम्हाला पटत नव्हते, आणि एकाच गवताचे छत म्हणजे एका रोगाने किंवा बंद पडलेल्या पंपाने आठवड्यात संपणारे छत.

सेडम वाईट नाही. जर्मनीत पातळ मातीच्या छतांची पद्धत रुजली तीच मुख्यतः त्याच्या जोरावर, आणि जगभर वापरली जाणारी मार्गदर्शक तत्त्वेही तिथल्याच एफएलएल या संस्थेची. पण छतांवर लावतात त्या बहुतेक सेडमच्या जाती थंड, उघड्या खडकाळ प्रदेशांतल्या आहेत. अशी रसाळ झाडे पाणी वाचवायला दिवसा पानांची छिद्रे मिटून ठेवतात आणि रात्री हवा आत घेतात. रात्र थंड असेल तर हे छान जमते. आपल्यासारख्या शहरांत रात्री काँक्रीट उष्णता सोडत राहते, आणि पावसाळ्यात हवा दमट. मग मुळे आणि खोडे कुजायला लागतात. उन्हापेक्षा ओलसर उकाडाच त्यांचा जीव घेतो. पावसाळा आणि कडक उन्हाळा दोन्ही असलेल्या शहरात एकाच झाडाकडून दोन्हींची अपेक्षा करणे जरा जास्तच आहे.

मग प्रश्न असा की एरवी इतक्या पातळ मातीत आणि इतक्या उन्हात काय उगवते? उत्तर कुठल्याही जांभ्याच्या सड्यावर किंवा उघड्या कातळावर मिळते. खडकाच्या खळग्यांत जेमतेम बोटभर माती, पावसात चिखल, नंतर भट्टी. तरी पाऊस पडला की तिथे रंगांची गर्दी होते. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी छतांसाठी झाडे निवडताना हीच वाट धरली. ग्रॅनाइटच्या उघड्या खडकांवरच्या झाडांकडे ते गेले. त्यातून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. रसाळ झाडे पाणी जपून वापरतात, म्हणून टिकतात. पण त्यामुळेच माती ओली राहते आणि पुढच्या सरीचे पाणी सामावायला तिच्यात जागा उरत नाही. पाणी असताना भरभरून पिणारी आणि नसताना तग धरणारी झाडे सोबत असली तर दोन्ही साधते.

जानेवारीत मी दोन पानांचे टिपण लिहिले. त्यात झाडे जातींनी न मांडता, ती कोरडे महिने कशी काढतात त्यावरून मांडली. पहिला गट पाणी साठवणाऱ्यांचा: चिनी गुलाब, पानफुटी, कोरफड, स्नेक प्लांट. दुसरा जमिनीखाली जाऊन थांबणाऱ्यांचा: रेन लिलीसारखे कंद, आणि पुनर्नवा, जिचा वरचा वेल वाळतो आणि मूळ जिवंत राहते. तिसरा गट गवतांचा. ही तपकिरी होतात, बुंध्यातून परत फुटतात, आणि वाळलेली पातीसुद्धा मातीवर सावली धरतात. चौथा तेरड्यासारख्या एकाच पावसाच्या झाडांचा, जी बी टाकून मोकळी होतात. पाचवा पसरणाऱ्यांचा, विष्णुक्रांता, पानओवा वगैरे. चिनी गुलाब आणि त्याचीच बहीण घोळ यांच्याविषयी वाचताना मी थक्क झाले: पाणी असेल तर ही झाडे उसा-मक्याच्या वेगवान पद्धतीने अन्न बनवतात आणि पाणी तुटले की रसाळ झाडांच्या रात्रीच्या पद्धतीचा आधार घेतात. दोन्ही पद्धती एकाच झाडात असणे फार दुर्मीळ आहे. आणि आपण घोळ उपटून फेकतो.

टिपणात तीन दाखले दिले. जपानमधल्या फुकुओका शहरातली अ‍ॅक्रॉस इमारत 1995 साली पूर्ण झाली. तिच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गच्च्यांवर सुरुवातीला 76 जाती लावल्या होत्या. वारा आणि पक्षी बिया आणत गेले आणि जाती वाढून सुमारे 120 झाल्या. उन्हाळा दमट असलेले शहर म्हणून हा दाखला आम्हाला जवळचा. दुसरा झुरिकमधल्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या छतांचा. 1914 साली त्यांवर स्थानिक शेतांतली माती टाकली, आणि पुढे तिथे 175 वनस्पतींची नोंद झाली, त्यांत ऑर्किडसुद्धा. हवामान वेगळे, पण छतावरची यादी कागदावर गोठवता येत नाही हा मुद्दा तोच. तिसरा दाखला कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा. तिथे जेरेमी लुंडहोम आणि सहकाऱ्यांनी 2010 साली दाखवले की रसाळ झाडे, गवते आणि उंच फुलझाडे यांचे काही मेळ एकेकट्या जातीपेक्षा छत थंड ठेवण्यात आणि पाणी धरण्यात सरस ठरतात. जातींची नुसती संख्या वाढवून काही होत नाही, प्रकार वेगळे लागतात. नर्सरीत पाच रंगांचा चिनी गुलाब घेतला म्हणून पाच जाती होत नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी परवानगी आली, दोन सुधारणांसह. आच्छादन पावसाळ्याच्या काळात मोजायचे, आणि मंजूर गट कायम ठेवून गटातली जात बदलण्याची मुभा. पहिली ओळ मी विनंती करून लिहून घेतली होती. दुसरी अभियंत्यांनी स्वतःहून घातली. "नाहीतर प्रत्येक मेलेल्या रोपाला सुधारित अर्ज कराल," म्हणाले. तुमच्याकडे नमुन्यात अशी सोय नसेल तर मागा. तोंडी होकारावर विसंबू नका.

मार्च-एप्रिल वॉटरप्रूफिंगमध्ये गेले. एकूण खर्चाचा जवळजवळ निम्मा वाटा इथे गेला, आणि तिथे काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण नंतर गळती शोधायची तर सगळी माती बाजूला करावी लागते. थर झाल्यावर पाण्याचे तोंड बंद करून गच्चीवर पाणी साठवले आणि दोन दिवस ठेवले. मावशींनी आपल्या छताचे रोज फोटो काढून गटावर टाकले. ओल आली नाही. ठेकेदाराकडून या चाचणीचा सहीनिशी अहवाल घ्या, तपासणीत तो मागतात. डांबरी पट्ट्यांचे वॉटरप्रूफिंग मुळे भेदू शकतात, म्हणून त्यावर मुळे अडवणारा वेगळा थर लागतो. युरोपातल्या प्रमाणित चाचणीत असा थर झाडे लावलेल्या कुंडीत दोन वर्षे ठेवून पाहतात. विक्रेत्याकडे त्या चाचणीचा दाखला आहे का, एवढे विचारले की माल कसा आहे ते लगेच कळते.

मेमध्ये माती वर गेली. पोती, दोरी, माणसे. लिफ्ट वापरायची नाही हे आधीच ठरवा, नाहीतर भांडणे होतात. आणखी एक: पोती एका जागी रचून ठेवू देऊ नका. अख्ख्या छतासाठीची माती एका कोपऱ्यात रचली तर इंजिनिअरांच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. कठड्यालगत आणि प्रत्येक जाळीभोवती हातभर रुंद खडीचा पट्टा सोडला. जाळ्यांवर झाकण उघडता येईल अशा पेट्या बसवल्या. एका कोपऱ्यात मुद्दाम उघडी वाळू ठेवली, जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्यांसाठी. त्यावरून "काम अर्धवट सोडलंय" असे बरेच टोमणे ऐकले.

रोपांचा खर्च एकूण खर्चात अगदी थोडा, पण मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. नर्सरीत छतासाठी म्हणून तीच ती ठरावीक रोपे असतात. शिवाय बरीचशी खतपाण्यावर, हिरव्या जाळीखाली वाढवलेली. ती वर नेऊन लावली की आठवड्यात करपतात. आम्ही फेब्रुवारीपासूनच उथळ ट्रे भरून गच्चीवर ठेवले होते, त्याच मिश्रणाचे. पानफुटी, चिनी गुलाब, पानओवा, रिओ ही सगळी कटिंगवर येतात, त्यामुळे ओळखीपाळखीतून भरपूर मिळाली. कंद शेजाऱ्यांनी दिले. गवतांचे बी रिकाम्या प्लॉटांवरून गोळा केले. सड्यांवरून, जंगलातून मात्र काहीही उपटून आणू नका. तिथल्या कित्येक जाती तेवढ्याच जागेत उरल्या आहेत. एक झाड मात्र आम्ही फुकट मिळत असूनही नाकारले: पिवळ्या फुलांचे वेडेलिया. झटपट पसरते, छान दिसते, आणि वर्षभरात दुसरे काही शिल्लक ठेवत नाही.

लागवड पहिल्या दोन-तीन दमदार सरींनंतर केली. आधी केली असती तर रोज पाणी द्यावे लागले असते. उंचवट्यांवर गवती चहा आणि उंच गवते, उतारावर पसरणारी झाडे, पातळ भागात रसाळ झाडे आणि त्यांच्यामध्ये कंद. रसाळ झाडांच्या सावलीत शेजारची मुळे कमी तापतात, म्हणून नाजूक रोपे त्यांना खेटूनच लावली.

पहिल्या पावसाळ्यात दोन गोष्टींनी घाबरवले. गच्चीच्या पाइपातून चहाच्या रंगाचे पाणी खाली यायला लागले आणि तळमजल्यावरून तक्रार आली. कंपोस्टमधली सेंद्रिय द्रव्ये धुऊन निघतात तेव्हा असे होते. काही आठवड्यांत रंग फिका होत गेला. त्या काळात छताचे पाणी टाकीत साठवू नये, आणि वरून आणखी खत तर अजिबात घालू नये. खतावलेल्या छतावर तणांचीच चंगळ होते, ही एक बाजू. दुसरी अशी की भसाभस वाढलेली झाडे कोरड्या महिन्यांत आधी मान टाकतात.

दुसरी गोष्ट पिंपळ आणि वड. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येते आणि ऑगस्टपर्यंत जागोजागी इवली लालसर पाने दिसू लागतात. दोन-चार पानांचे असताना चिमटीत येते. वर्षभर राहिले तर मूळ कठड्याच्या भेगेत शिरते. सुबाभूळही तशीच. बाकी न लावलेल्या पाहुण्यांना आम्ही सरसकट उपटले नाही. फुलेपर्यंत थांबून, ओळख पटवून मग निर्णय. निम्म्याहून अधिक ठेवले. हरळीला मात्र पातळ भागात शिरू दिले नाही, ती सगळ्यांना गिळते.

सप्टेंबरात छत खरोखर देखणे झाले होते. तेरडा, रेन लिली, गवतांचे तुरे. सगळ्यांचे फोटो, सगळ्यांचे वाढदिवस तिथेच. नोव्हेंबरपासून एकेक जण विचारायला लागले, "पाणी घालत नाही का तुम्ही?" फेब्रुवारीत मावशी म्हणाल्या, "मेलं गं सगळं."

पाण्याचा हिशेब इथे सांगते, कारण सभेतही तोच सांगावा लागला. उष्ण, कोरड्या दिवसात अशा छतावरून दिवसाला 5 मिलिमीटर पाणी सहज उडते, म्हणजे चौरस मीटरला 5 लिटर. आमच्या मिश्रणात आकारमानाच्या साधारण 35 टक्के पाणी मावते. 8 सेंटिमीटर मातीत ते 28 लिटर. त्यातलेही सगळे मुळांना मिळत नाही. म्हणजे आठवडासुद्धा निघत नाही. हिरवे ठेवायचे तर 100 चौरस मीटरला रोज 500 लिटर. आम्ही ठिबक फक्त उंचवट्यांना दिली आणि पातळ भागाला दर दहा-बारा दिवसांनी पहाटे एकदा, रसाळ झाडे आणि मुळे जगतील एवढेच पाणी. टाकीची पातळी पाहून समितीने ते मान्य केले.

एप्रिलच्या दुपारी मी तापमान मोजणारे पिस्तुल घेऊन वर जायचे. उघडी लादी 60 अंशांच्या आसपास. उघडी कोरडी माती तिच्याहून फार थंड नव्हती, हे मला अनपेक्षित होते. वाळलेल्या गवताखाली पंधराएक अंश कमी, आणि पानफुटीच्या दाटीखाली त्याहूनही कमी. म्हणून वाळलेले गवत कापून टाकण्याचा सल्ला मी मानला नाही. आगीची भीती रास्त होती, तेव्हा गवताच्या पट्ट्यांमध्ये खडीच्या वाटा रुंद केल्या आणि जिन्याजवळचे तेवढे गवत छाटले.

तपासणी नेमकी त्याच एप्रिलमध्ये आली. परवानगीच्या अटीत "लागवडीनंतर एक वर्षाच्या आत" एवढेच होते. आधीचे अभियंता बदलून गेले होते. नवे साहेब जिना चढून आले, रुमालाने घाम पुसला आणि म्हणाले, "यात हिरवं कुठाय?"

मी फाइल पुढे केली. आच्छादन पावसाळ्यात मोजण्याची ओळ, दर महिन्याला त्याच चार कोपऱ्यांवरून काढलेले तारीखवार फोटो, पाणी साठवून केलेल्या चाचणीचा अहवाल. मग खुरप्याने माती उकरून रेन लिलीचा कंद काढून त्यांच्या हातात दिला. घट्ट, पांढरा, खाली मुळे. त्यांनी तो दाबून पाहिला, परत दिला आणि म्हणाले, "ताई, मला जे दिसतं तेच मी लिहिणार. आत्ता आच्छादन निम्मंही नाही. जुलैत परत येतो, तोवर फाइल प्रलंबित." मला राग आला होता, पण त्यांचे वागणे चुकीचे होते असे आजही म्हणता येत नाही. निदान नामंजूर तरी लिहिले नाही.

मे महिना सगळ्यात वाईट गेला. फाइल प्रलंबित, गच्ची तपकिरी, आणि वर्गणी दिलेल्यांचे प्रश्न. खरेच काय मेले आणि काय थांबले आहे, हे मलाही सगळे माहीत नव्हते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याच्या आत रेन लिली फुलली, मग पुनर्नवा फुटली, मग गवते. तेरडा आपल्याच बियांवर उगवला, वाळूच्या कोपऱ्यापर्यंत. मेले तेही दिसले: रिओ पातळ भागातून जवळजवळ गेला, पानओवा फक्त उंचवट्याच्या सावलीच्या बाजूला उरला, आणि हौसेने लावलेले सेडम पहिल्याच पावसाळ्यात कुजले होते. कुणाच्याही यादीत नसलेली घोळ मात्र सगळीकडे.

जुलैत साहेब आले, ठरल्याप्रमाणे. चौरस मीटरची चौकट जागोजागी ठेवून आच्छादन मोजले, 80 च्या वर भरले. महिनाअखेरीस दाखला मिळाला. त्यात अटी आहेत: दरवर्षी पावसाळ्याआधी निचऱ्याच्या तपासणीची नोंद, काही वर्षांनी इंजिनिअरांची फेरतपासणी, आणि वर्षाला झाडांचा अहवाल. नोंदवही गच्चीच्या दाराआड दोरीला बांधून ठेवली आहे, म्हणजे जो वर जाईल तो लिहितो. वर्षभराची देखभाल दोन-चार घरे वाटून घेतात. पावसाळ्यात दर आठवड्याला तासाभराची खुरपणी, कोरड्या महिन्यांत पाण्याची पाळी.

वार्षिक अहवालाचा नमुना पुन्हा तोच जुना आहे: लावलेली जात, संख्या, जिवंत, मृत. आपोआप आलेल्या झाडांना त्यात जागा नाही. मी पट्टीने एक जास्तीचा रकाना आखला, "न लावता आलेली", आणि घोळीपासून सुरुवात केली. आवक खिडकीवरच्या बाईंनी तो रकाना वाचला, "हे पण मोजायचं असतं का?" असे विचारले आणि शिक्का मारून दिला. असा अहवाल द्यायचा असेल तर त्या झाडांचे फुलासकट फोटो सप्टेंबरातच काढून ठेवा. फेब्रुवारीत ओळखायला काही उरत नाही.